उसनं घेतलेलं वर्ष

आमच्या केंद्रात येणारी मुलं बाईंना घड्याळबाई म्हणत, कारण त्यांच्या गळ्यात कायम काळ्या दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच असे. मला खिडकीवाले काका म्हणत. काचेच्या खिडकीमागे बसून नावं लिहून घ्यायची, तारखा द्यायच्या आणि बाईंनी हाताने लिहिलेले अहवाल टाइप करायचे, एवढं माझं काम. पंचवीस वर्षं केलं. त्यातली तेवीस बाईंच्या शेजारच्या खोलीत गेली, तेव्हा त्यांच्याविषयी लिहायचा हक्क दुसऱ्या कोणाहीपेक्षा मला जास्त आहे, असं मी धरून चालतो.

दिव्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर चार खोल्या, म्हणजे आमचं केंद्र. ज्या मुलांना वाचताना अडतं, लिहिता लिहिता जी मध्येच थांबतात, वर्गात ज्यांचं चित्त ठिकाणावर नसतं, किंवा नेमकं काय बिनसलंय हे ज्यांच्याबाबत शाळेला कळत नाही, त्यांना इथे पाठवलं जाई. कॉलेजातली मोठी मुलंही येत. बाई एकेकाला दोन-तीन सकाळी घेऊन बसत. ठोकळे जुळवायला देत, आकडे उलटे म्हणायला लावत, शब्द वाचून घेत, चित्रात काय राहिलंय ते विचारत. मग त्याच वयाच्या हजारो मुलांवरून केलेल्या तक्त्यात त्याचे गुण ठेवून बघत आणि अहवाल लिहीत: हे मूल कुठे चांगलं आहे, कुठे अडतंय, शाळेनं काय करावं.

पालक हा प्रकार मला कधी फारसा झेपला नाही. निम्मे जण खिडकीशी येऊन मला पटवायला बघत की पोराला काही झालेलं नाही, शाळाच वाईट. उरलेले निम्मे पोराच्या देखत त्याचे दोष मोजत. मी त्यांना फॉर्म देई आणि कोपऱ्यातल्या खुर्च्या दाखवी. बाई मात्र प्रत्येकाचं बोलणं शांतपणे ऐकून घेत आणि जसंच्या तसं लिहून ठेवत. त्यांच्या डोक्यावर बर्फ ठेवलेला असे. माझ्या डोक्यावर केसही नव्हते.

त्यांची खोली मी रोज सकाळी लावत असे, म्हणून ती मला डोळे मिटूनही दिसते. एक टेबल, दोन उंचीच्या चार खुर्च्या. मुलाच्या समोरची भिंत कोरी. भिंतीवरचं घड्याळ त्याच्या पाठीमागे, म्हणजे बाईंना दिसेल, त्याला नाही. खिडकीला जाड पडदा. पेन्सिली बारा, सगळ्या टोक केलेल्या आणि एकीलाही मागे खोडरबर नाही. चाचणीत खोडायचं नसतं. चुकलं तर रेघ मारायची आणि पुढे लिहायचं, म्हणजे मुलाने आधी काय लिहिलं होतं तेही दिसतं. दुकानात खोडरबर नसलेल्या पेन्सिली मिळेनाशा झाल्या तेव्हा मी घरी बसून पक्कडीने एकेकीचं शेपूट उपटत असे. बायको म्हणायची, तुमच्या केंद्रात आधी तुमचीच परीक्षा घ्यायला हवी.

मूल बरोबर सांगो की चूक, बाईंचा चेहरा हलत नसे. "बरोबर" म्हणायचं नाही, "चूक" म्हणायचं नाही. "मन लावून करतेयस" एवढंच. ही सवय इतकी अंगात मुरली होती की मी नवा शर्ट घालून गेलो आणि कसा आहे म्हणून विचारलं, तरी त्या म्हणाल्या, "मन लावून निवडलाय."

या कामात पडण्याआधी त्या सहा वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. तिथे एका मुलीला वाचता येत नाही म्हणून त्यांनी महिनाभर रोज उभं केलं होतं. तिला अक्षरं जुळवताना खरोखरच अडत होतं हे पुढे कळलं, तेव्हा नोकरी सोडून त्या पुन्हा शिकायला गेल्या. घरी त्या आणि धाकटी बहीण. बहिणीला एका कानाने कमी ऐकू येई आणि बाईंना बारीक आवाजात बोलायची सवय, त्यामुळे दोघींचा संसार निम्मा चिठ्ठ्यांवर चाले. त्यातली एखादी चुकून बाईंच्या फायलीत सापडे. "दुधाचं भांडं घासून ठेवलंय, पुन्हा घासू नये," अशी.

आता त्यांच्या एका नियमाविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. वय दोघांनी काढायचं.

ऐकायला हा नियम खुळचट वाटतो. पण या कामात मुलाचं वय वर्षं, महिने आणि दिवस असं काढावं लागतं, कारण तक्ते वयाप्रमाणे असतात. आठ वर्षांच्या मुलासाठी जे उत्तर छान, ते नऊ वर्षांच्या मुलासाठी बेताचं. चाचणीची तारीख वर मांडायची, जन्मतारीख खाली मांडायची आणि वजा करायची. दिवस पुरले नाहीत तर महिन्याकडून तीस दिवस उसने घ्यायचे. महिने पुरले नाहीत तर वर्षाकडून बारा महिने उसने घ्यायचे, आणि मग वर्षातून एक कमी करायचं. ते एक कमी करायचं राहिलं की मूल कागदावर बसल्या बसल्या वर्षाने मोठं होतं आणि त्याचे सगळे गुण घसरतात. या धंद्यातल्या भल्याभल्यांची ही चूक होते. म्हणून एकदा बाईंनी काढायचं, एकदा मी, वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांचं न बघता. उत्तर जुळलं तर दोघांनी सह्या करायच्या. पुढे केंद्रात संगणक आला, तो चुटकीसरशी वय काढून देई. बाई त्यालाही तिसरा धरत, आमच्यापैकी कोणाऐवजी नाही.

नियम आला तो एका सहकारी मॅडममुळे. त्या बाईंच्या हाताखाली दोन वर्षं होत्या, अंगाने उंच, कामात झपाटा. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या एका फायलीत हीच वर्षाची चूक बाईंनी पकडली. मग बाईंनी उंच मॅडमच्या एकशे बारा फायली खाली काढल्या आणि आठवडाभर बसून सगळ्या वजाबाक्या पुन्हा केल्या. आणखी एक चूक निघाली. बाई आवाज चढवून काही बोलल्या नाहीत, पण "मुलाचं वय हा काही अंदाज नाही" एवढं चारचौघांत म्हणाल्या. उंच मॅडमनी वर्षाच्या आत राजीनामा दिला. तेव्हा मला बाईंचा फार अभिमान वाटला होता, हे खरं सांगतो.

बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना भिंगवाली आली.

एकोणीस वर्षांची मुलगी, बरोबर आई. मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायची, म्हणून आम्ही आपापसात तिला भिंगवाली म्हणू लागलो. मी फॉर्म पुढे सरकवला तर ती फॉर्मकडे बघेचना, माझ्याकडेच बघत राहिली.

"काका, चष्मा काढून देता का जरा?"

मी दिला. तिने तो हातभर लांब धरला, त्यातून खिडकीच्या गजाकडे बघितलं आणि हळूच फिरवला.

"डावी काच फिरलीय थोडी. संध्याकाळी डोकं दुखतं का?"

दुखत असे. दोन वर्षं मी पित्ताच्या गोळ्या खात होतो.

मग ती फॉर्म भरायला बसली आणि तो एक पानाचा फॉर्म वाचायला तिला पंचवीस मिनिटं लागली. ओठ हलत होते, बोट ओळीखाली सरकत होतं. आई शेजारी बसून तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

तिला हवं होतं ते असं. भिंगं बनवण्याचा दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम होता. तो केला की स्वतः मोजमाप करून चष्मे देता येतात, नुसतं घासत बसावं लागत नाही. प्रवेशाला लेखी परीक्षा, आणि ती दोनदाच देता येते. पहिल्यांदा तिने दिली तेव्हा शेवटची पंधरा उत्तरं कोरी राहिली. येत नव्हती म्हणून नाही, प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपला म्हणून. वाचनाची अडचण आहे असा तज्ज्ञाचा अहवाल असेल तर संस्था दीडपट वेळ देत असे. मात्र पूर्वी कधी असं मूल्यमापन झालं असेल तर तोही अहवाल जोडायचा. लपवला तर अर्ज बाद. अर्जाला अठरा दिवस उरले होते.

पूर्वीचा अहवाल आईने प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणला होता. अकरा वर्षांपूर्वीचा, आमच्याच केंद्राचा, बाईंचाच. टाइप मीच केलेला. शेवटी लिहिलं होतं: सामान्य आकलन वयाच्या मानाने बरंच कमी, स्वतंत्र वर्गात, सोप्या अभ्यासक्रमासह शिकवावे. मुलगी त्या स्वतंत्र वर्गात आठ वर्षं बसली. तिथे विज्ञान नव्हतं, आणि गणित बेरीज-वजाबाकीच्या पुढे फारसं सरकत नव्हतं. बाकीचं ती दुकानात उभ्या उभ्या शिकली होती.

बाईंनी तीन सकाळी तिची चाचणी घेतली. तिसऱ्या दिवशी बाहेर आल्या आणि माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण स्टॉपवॉच त्या अंगठ्याने उगाच दाबत होत्या.

"ठोकळ्यांत तिने जे केलंय ते मी वर्षातून एखाद्या वेळी बघते," त्या म्हणाल्या. "वाचन फार मागे आहे. बाकी सगळं चांगलं, काही ठिकाणी फारच चांगलं. जुना अहवाल आणि हा, दोन वेगळ्या मुलींचे वाटतात. कपाटातून तिची जुनी फाइल काढा. आकडे शेजारी शेजारी मांडू."

मी फाइल काढली. मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंत आम्ही फायली ठेवत असू. जुन्या-नव्याचा तक्ता टाइप करायला घेतला आणि वयाच्या चौकटीशी आलो. ती फाइल नियमाच्या आधीची, त्यामुळे तिथे एकच वजाबाकी होती आणि एकच सही. माझा हात सवयीने कोऱ्या कागदाकडे गेला. चाचणी मार्चच्या चार तारखेला, जन्म एप्रिलच्या नऊ तारखेचा. वजा केलं. सात वर्षं, दहा महिने, पंचवीस दिवस. फायलीत बघितलं. आठ वर्षं, दहा महिने, पंचवीस दिवस.

मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा बोटांवर केलं. उत्तर तेच.

कबूल करतो, मी ती फाइल मिटून दहा मिनिटं बसून राहिलो. चार महिन्यांनी बाई घरी जाणार होत्या. तक्त्यात जुने आकडे जसेच्या तसे टाइप केले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण भिंगवालीने ओळीखाली धरलेलं ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी उठलो, फाइल घेतली, जुन्या उत्तरावर पट्टी ठेवली आणि बाईंच्या खोलीत गेलो.

"बाई, एवढी एक वजाबाकी करता का?"

"दुसरी माझी?" त्यांनी पेन्सिल घेतली. "सात, दहा, पंचवीस."

मी पट्टी उचलली.

ते वळणदार आठ त्यांच्याच हातचं होतं. मग त्यांनी खालच्या कप्प्यातून जुने तक्ते काढले आणि मला म्हणाल्या, "दार ओढून घ्या. फोन देऊ नका."

तासाभराने त्यांनी मला आत बोलावलं. सगळे गुण सात वर्षांच्या तक्त्यातून पुन्हा काढले होते. आकलन इतर मुलांसारखंच. दोन ठिकाणी बरंच वरचढ. फक्त वाचन मागे.

"तिला तिच्या वर्गातच ठेवून वाचनाला मदत द्यायची," बाई म्हणाल्या. "एवढंच लिहायला हवं होतं. एवढंच." मग म्हणाल्या, "उंच मॅडमच्या एकशे बारा फायली मी उघडल्या. माझी एकही नाही. मला तसं सुचलंसुद्धा नाही."

मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो, पण त्यांनी हात वर केला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे डोळे भरलेले बघितले. मलाही सावरायला वेळ लागला.

आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. केंद्राचे प्रमुख, सगळ्यांना सांभाळून घेणारे. त्यांनी सगळं ऐकलं आणि चहा मागवला. "बाई, एक वाक्य बदला," ते म्हणाले. "पूर्वीचे निष्कर्ष त्या वेळच्या परिस्थितीत काढलेले होते, आता लक्षणीय प्रगती दिसते. यात खोटं काय आहे? मुलीचं काम होईल, केंद्राचं नाव राहील, तुम्ही मानाने घरी जाल."

"त्यातून असं वाटेल की मुलगी बदलली," बाई म्हणाल्या. "मुलगी तीच आहे. आणि संस्थेच्या प्रवेश समितीने विचारलं, एवढी प्रगती कशी झाली, तर ती काय सांगणार? त्यांना शंका आली तर वेळ मिळणार नाही. तिची ही शेवटची परीक्षा आहे."

"केंद्राचं संचालक मंडळ तुम्हाला नोटीस काढेल."

"काढू दे."

साहेबांचा चहा तसाच राहिला. बाईंनी त्याच दुपारी पत्र लिहिलं आणि मी ते टाइप केलं. त्यात एकही मोघम शब्द नव्हता. चूक कोणती, कोणी केली, त्यामुळे कोणता तक्ता वापरला गेला, बरोबर निष्कर्ष काय होता. खाली सही.

दुसऱ्या दिवशी मायलेकींना बोलावलं. मी निघायला लागलो तर बाई म्हणाल्या, "थांबा. तो अहवाल तुम्ही टाइप केला होतात." मी भिंतीशी उभा राहिलो.

बाईंनी आधी चूक सांगितली, मग माफी मागितली. अहवालाला नंतर हात घातला. आईने मांडीवरच्या प्लास्टिकच्या पाकिटावर दोन्ही हात ठेवले होते.

"म्हणजे ती तेव्हा ठीक होती?"

"वाचताना अडत होती, ते खरं होतं. बाकी ठीक होती."

"मी म्हटलं होतं तुम्हाला. याच खोलीत. पोरगी हुशार आहे म्हटलं होतं."

"हो. फायलीत लिहिलंय मी. 'आईच्या मते मुलगी हुशार आहे.'"

"आणि तुम्ही मला काय म्हणालात, ते लिहिलंय?"

"नाही."

"मला पाठ आहे. तुम्ही म्हणालात, आईला असं वाटणं साहजिकच असतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मग मी तिला अवघड काही सांगायचंच सोडून दिलं. उगाच तिच्या डोक्याला ताण नको म्हणून. घरातलं काही बोलायचं असलं तर धाकट्याशी बोलायचे. ती तिथेच बसलेली असायची."

"आई, पुरे," भिंगवाली म्हणाली. ती बाईंकडे वळली. "किती वर्षांची धरलंत मला?"

"आठ वर्षं दहा महिने."

"आणि होते किती?"

"सात वर्षं दहा महिने."

"कागद द्या."

बाईंनी कागद दिला, खोडरबर नसलेली पेन्सिल दिली आणि दोन्ही तारखा सावकाश सांगितल्या. मुलीने त्या एकाखाली एक मांडल्या. तिला वेळ लागला. बाईंचा अंगठा सवयीने स्टॉपवॉचकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी ती दोरी गळ्यातून काढून टेबलाच्या कप्प्यात ठेवली.

"सात, दहा, पंचवीस," मुलगी म्हणाली. कागद तिने घडी घालून खिशात टाकला. "अहवाल आजच मिळेल ना?"

मिळाला. दोघी गेल्या.

समितीने एकदा फोन करून बाईंना विचारलं, पत्रातलं सगळं खरं आहे का. बाई म्हणाल्या, सगळं. मुलीला दीडपट वेळ मिळाला. मंडळाची नोटीस आली, लेखी ताकीद मिळाली आणि ती बाईंच्या सेवापुस्तकात शेवटच्या पानाच्या आधीच्या पानावर लागली. साहेब महिनाभर त्यांच्याशी मोजकंच बोलत होते. बाईंनी उंच मॅडमना एक पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही.

आणि नियमाच्या आधीच्या आपल्या सगळ्या फायली त्यांनी खाली काढायला लावल्या. तीनशे एक्केचाळीस. त्यांची खोली खोक्यांनी भरली. नियम तोच, दोघांनी काढायचं. मी खिडकी सांभाळून मधल्या वेळात आत जाई, फायलीतल्या दोन तारखा वाची, दोघं वेगवेगळं वजा करू, मग मी जुनं उत्तर बघे. दिवसाला दहा-बारा व्हायच्या. निवृत्तीला दहा दिवस उरले तरी शंभरावर फायली बाकी होत्या. बहिणीची चिठ्ठी आली, "रविवारी तरी घरी जेवावे." बाईंनी त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तारखा मांडल्या.

अशाच एका सकाळी भिंगवाली आली. एकटीच. प्रवेशाची यादी लागली होती, तीस जागांत ती सतरावी होती. मला इतका आनंद झाला की मी खिडकीच्या काचेवरच टाळी दिली. तिने आधी माझा चष्मा मागून घेतला, पिशवीतून बारीक पेचकस काढला आणि डावी काच सरळ केली. मग विचारलं, "बाई आहेत?"

बाई खोक्यांच्या मध्ये बसल्या होत्या. तिला बघून उठल्या. यादीचं ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "बरोबर." त्या खोलीत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"हे काय चाललंय?" मुलीने खोक्यांकडे बघत विचारलं. बाईंनी सांगितलं. मग मी बसतो ती खुर्ची ओढून तिने बैठक मारली.

"काकांना खिडकीत काम असतं. दुसरी मी काढते."

"या दुसऱ्या मुलांच्या फायली आहेत," बाई म्हणाल्या.

"मला नाव नको. नुसत्या तारखा सांगा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी वाचतो. नाव झाकून वाचतो."

तिचा वेग आमच्याहून कमी होता. प्रत्येक आकडा ती मांडल्यावर एकदा बोटाने तपासत असे. बाई आपलं उत्तर काढून पेन्सिल खाली ठेवत आणि थांबत. त्यांच्या गळ्यात काही नव्हतं. अकरा फायली झाल्या, सगळ्या जुळल्या. बारावी घेतली. चाचणी फेब्रुवारीच्या बारा तारखेला, जन्म नोव्हेंबरच्या वीस तारखेचा.

"नऊ, दोन, बावीस," बाई म्हणाल्या.

मुलगी अजून काढत होती. आम्ही थांबलो. "नऊ," ती म्हणाली, "दोन, बावीस."

मी फायलीतली चौकट बघितली. दहा, दोन, बावीस. मुलीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"उसनं घेतलेलं वर्ष कमी करायचं राहिलं?"

मी मान हलवली. बाईंनी हात पुढे करून फाइल घेतली, पहिलं पान उघडलं आणि त्यावरचा फोन नंबर शोधला. टेबलावरचा फोन जवळ ओढला. पहिल्यांदा नंबर चुकला. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा उचलला.

"बाई," मुलगी उठत म्हणाली. "आधी आईला विचारा, ती तेव्हा काय म्हणाली होती."

मी तिला घेऊन बाहेर आलो. दार ओढून घेताना पलीकडे कोणीतरी फोन उचलल्याचं कळलं. बाईंनी आपलं नाव सांगितलं, केंद्राचं सांगितलं आणि नेहमीच्या बारीक आवाजात विचारलं, "तुम्ही मुलाला आमच्याकडे आणलं होतंत, तेव्हा मला त्याच्याविषयी काय सांगत होतात, आठवतं का?" मग दार लागलं. दाराच्या चौकोनी काचेतून मला एवढंच दिसलं की त्यांनी पेन्सिल उचलली आणि बराच वेळ, एक शब्द न बोलता, लिहून घेत राहिल्या.